आमची वाटचाल : दोन बाटल्या

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात 1987 साली आम्ही सेकंडहँड किर्लोस्कर लेथ बसवला, तेव्हा ऑईल इंजिनचे बुश आणि चरकाचे शाफ्ट एवढंच काम होतं. जुन्या गाड्यांच्या ब्रेकचं काम शोधायला आम्ही कुठं गेलो नाही. ते ढकलत दारात आलं. अक्षरशः ढकलत. सांगलीच्या एका डॉक्टरांची 1956 ची फियाट, पुढचे दरवाजे उलटे उघडणारी, जिला सगळा महाराष्ट्र डुक्कर फियाट म्हणतो ती. इंजिन टकाटक होतं, पण थांबायची खात्री नव्हती, म्हणून चौकातच इंजिन बंद करून चौघांनी गल्लीत लोटत आणली.

डॉक्टरांनी पुण्याची नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाऊस आणि कुर्ल्याचं भंगार पालथं घातलं होतं. पद्मिनीचं, म्हणजे फियाटच्याच पुढच्या मॉडेलचं, सामान तेव्हा ढिगानं मिळायचं, कारण मुंबईची टॅक्सी तिच्यावरच चालायची. त्यामुळं डुक्करच्या ब्रेकचा सिलिंडर, म्हणजे तेलाच्या दाबानं ब्रेक लावणारी चाकातली नळी, मागितला की दुकानदार पद्मिनीचा काढून ‘बसतोय की’ म्हणायचा. डॉक्टरांना असे तीन सिलिंडर बसले नाहीत. ते तिन्ही पिशवीत घालून आणले होते. बरोबर गंजलेला जुना.

मी त्या जुन्याच्या बोअरमध्ये, म्हणजे आतल्या भोकात, बोट घातलं. आतून देवीचे व्रण पडल्यासारखं झालेलं. अशा बोअरमध्ये नवा कप, म्हणजे तेल अडवणारं रबर, घातला तरी आठ दिवसांत खरडून निघतो आणि तेल गळून ड्रममध्ये उतरतं. म्हणून स्लीव्ह घालायची ठरवली. सिलिंडर मोठा करून घेतला, पितळेची नळी बाहेरून दीड थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जास्त ठेवून दाबून बसवली, मग आतून पुन्हा मूळ मापाला आणली. शेवटचा हात होनिंगचा, म्हणजे फिरत्या दगडांनी आतून घासायचा. तीन दगडांचा, स्प्रिंगवाला तो होन मला ज्या मिस्त्रींकडून मिळाला त्यांनी एकच सांगितलं होतं, दगड फिरत असताना वर-खाली थांबू नको, थांबलास की तिथं कडं पडलं. रेघा एकमेकींना तिरक्या छेदल्या पाहिजेत. तो होन आजही आहे. दगड किती वेळा बदलले मोजलं नाही, पण बॉडी तीच.

चारी चाकांचं आणि पेडलनं दाबला जाणाऱ्या मास्टर सिलिंडरचं काम झाल्यावर डॉक्टरांनी गाडी पन्हाळ्याला नेली आणि उतारावर, चारदरवाज्याच्या खाली, मुद्दाम चार वेळा उभी केली. परत आले ते पेढे घेऊन. तिथून नाव झालं. पुढची पंधरा-सोळा वर्षं कामं येत गेली, त्यात सांगण्यासारखं विशेष नाही.

सांगायचं ते 2011 चं. डिसेंबरमध्ये तीन जुन्या गाड्या गणपतीपुळ्याला निघाल्या. तिन्हींत आमचे सिलिंडर, आमचेच कप. आंबा घाटात तिन्ही गाड्यांची चाकं धरली. पाय काढला तरी ब्रेक सुटेनात, ड्रम तापून लायनरचा वास सुटलेला. रात्री फोन आला, आणि सकाळपर्यंत ही गोष्ट मिरजेपासून बेळगावपर्यंत गेली.

पोचवणारा कोण, तेही लिहितो. आमच्याच शेडमध्ये चार वर्षं टर्नर असलेला पोरगा. मापांची वही चाळून गेला आणि दोन गल्ल्या सोडून स्वतःचं दुकान टाकलं. त्याचं म्हणणं, ‘त्यांच्या रबराला ब्रेक ऑईलच सोसत नाही.’ आठ महिने एक सिलिंडर आला नाही. शेपर मशीन विकलं. भागीदार मेव्हणे बाजूला झाले. त्यांना दोष देत नाही, त्यांच्या घरीही लग्न होतं.

डॉक्टर मात्र आले. त्यांनी तिन्ही गाड्यांचे कप मागवून घेतले. हातात घेतले तर फुगून मऊ झालेले, कड उलटलेली. मग आमच्या स्टॉकमधला एक कोरा कप ब्लेडनं मधोमध कापला. एक अर्धा ब्रेक ऑईलच्या बाटलीत, दुसरा इंजिन ऑईलच्या. औषधाच्या बाटल्या, वर पेशंटला लावतात तसली चिठ्ठी आणि तारीख. दवाखान्याच्या खिडकीत दहा दिवस ठेवल्या. ब्रेक ऑईलमधला तुकडा होता तसा राहिला. दुसरा बाटलीच्या तोंडातून बाहेर निघेना.

मग शोध लागला. तिन्ही गाड्या निघण्याआधी दोन दिवस एकाच गॅरेजमध्ये तेल टॉपअपला गेल्या होत्या आणि तिथल्या पोरानं चिठ्ठी नसलेल्या डब्यातलं तेल ओतलं होतं. कप फुगला, त्यानं मास्टर सिलिंडरचं बारीक बायपास होल झाकलं, तेलाला परत जायला वाटच उरली नाही. गॅरेजवाल्यानं कधी कबूल केलं नाही. बोंब मारणाऱ्यानंही कधी शब्द मागं घेतला नाही.

आता विषय निघालाच आहे तर सांगतो. कप घासलेटमध्ये किंवा डिझेलमध्ये धुऊ नका, स्पिरिट वापरा किंवा ब्रेक ऑईलच. मास्टरला स्लीव्ह घातली तर ते बायपास होल पुन्हा पाडावं लागतं, आणि आतली बर, म्हणजे होल पाडताना उठलेली धारदार कड, काढली नाही तर पहिल्याच दाबाला कप चिरतो. ब्रेक ऑईल हवेतलं पाणी ओढतं, अर्धा डबा पुढच्या वर्षाला ठेवू नका. आणि खड्डे पडलेला बोअर सरळ पुढच्या मापाला फाडून मोठा कप घालणाऱ्यापासून लांब राहा. सहा सुताचा (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) सात सूत केला की क्षेत्रफळ 36 टक्क्यांनी वाढतं. पेडल खाली जातं, आणि हे एकाच चाकाला केलं असेल तर ब्रेक मारल्यावर गाडी त्या बाजूला ओढते. स्वस्तात होतं हे खरं.

हल्ली काम पुन्हा वाढलंय. कुर्ल्यात पद्मिनी बनायची थांबली 2000 च्या सुमारास. मुंबईत ताडदेवच्या आरटीओत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षं भरून ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली, आणि टॅक्सीवर जगणारा सामानाचा धंदाही बसत चाललाय. आता पद्मिनीवालेही गंजलेला सिलिंडर पिशवीत घालून आमच्याकडं येतात.

मागच्या महिन्यात इचलकरंजीच्या एका गॅरेजनं एका जुन्या इंग्लिश गाडीचे दोन सिलिंडर पाठवले. एकाचा बोअर फाडून सात सूत केलेला, गाडी उजवीकडं ओढते अशी तक्रार. तोंडाशी पंचचा ठिपका होता, डावीकडं, जरा तिरका. तो तसा मारायची सवय मीच कुणाला लावली होती ते मला ठाऊक आहे. गॅरेजवाल्याला विचारलं, माल कुणाचा? तो हसला, बोलला नाही.

स्लीव्ह घालून दोन्ही परत सहा सुताला आणले. बिल नेहमीच्या दरानं लावलं. सिलिंडरबरोबर कपांची पाकिटं दिली आणि त्यावर डॉक्टरांसारखी चिठ्ठी चिकटवली : फक्त ब्रेक ऑईल.