आधी 'वऱ्हाड' लिहून बघा

तुळशीची लग्नं उरकली की बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या डीटीपीच्या दुकानात पत्रिकावाल्यांची रीघ लागते. मजकूर ठरलेलाच असतो, वाद होतो तो फॉन्टवरून. नवऱ्यामुलाला मोबाईलवर पाहिलेला नाजूक, हाताने लिहिल्यासारखा, लांब शेपट्यांचा फॉन्ट हवा असतो आणि मागे उभे असलेले काका म्हणतात, "वाचता आलं पाहिजे की ओ!"

इंग्रजीला ते वळण शोभतं. तिथे टोकदार निबावर दाब दिला की रेघ जाड, सोडला की केसाएवढी, आणि अक्षरं खालून एकमेकांना धरून चालतात. आपली देवनागरी बोरूवर वाढली. तिची जाडी तिरक्या कापलेल्या टोकातून येते आणि अक्षरं वरच्या रेघेला लटकतात. म्हणून इंग्रजी लचक मराठीवर चढवली की शिरोरेघेचं काय करायचं कळत नाही. कुणी ती तोडतं, कुणी हेलकावे देतं, कुणी काढूनच टाकतं. काढलेली मला तरी बघवत नाही. हात न उचलता झरझर लिहायची रीत आपल्याकडेही होतीच की, मोडी! आधी रेघ ओढायची, मग तिच्याखाली अक्षरं गुंफत जायची. २०१४ साली मोडी युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या जागतिक अक्षरसंचात आली, पण पत्रिकेसाठी कुणी मागत नाही. वाचणार कोण?

नवा फॉन्ट हाती आला की मी त्यात आधी 'वऱ्हाड' लिहून बघतो. नमुन्यातलं 'कमल' सगळ्यांतच गोड दिसतं. पण पापणीसारखा अर्धा र अनेकांत नसतोच, त्याच्या जागी रफार डोक्यावर चढून बसतो. मराठी वळणाचे ल आणि श नसतात, हिंदी वळणाचे येतात. आणि नवरीचं नाव 'ऊर्मिला' असलं तर विचारूच नका. वेलांटीची लांबलचक कमान नेमकी रफारात घुसते.

त्यात आमच्याकडे पुष्कळ पत्रिका दोन भाषांत निघतात. कन्नड अक्षरं गोल, सुटी, खाली ओत्तू (जोडाक्षरातलं खाली लिहायचं अक्षर) लोंबणारी, अंगाने भरलेली. त्यांच्या शेजारी ही केसाएवढी मराठी आजारातून उठल्यासारखी दिसते.

मी मध्यम मार्ग काढतो. नाजूक अक्षर फक्त वधूवरांच्या दोन नावांना, तेही मोठ्या आकारात, भोवती मोकळी जागा सोडून. सोनेरी फॉइल हवी असेल तर रेघ जरा जाड करून घेतो, नाहीतर ती मध्येच तुटते. स्थळ, मुहूर्त, 'आपले विनीत' साध्या अक्षरात. आकड्यांबाबत तर मी ऐकूनच घेत नाही. त्या लचकणाऱ्या अक्षरात १ आणि ९ सख्खे भाऊ वाटतात. मुहूर्त १२ वाजून ११ मिनिटांचा की १९, हे विचारायला पाव्हणे मग भटजींना फोन लावत बसतात.