आमची वाटचाल : पत्रकापासून तक्त्यापर्यंत

लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकांवर आमच्या छापखान्याचे पोट भरले, पण नाव झाले ते शिक्षणाच्या सर्वेक्षणांमुळे. ‘प्रथम’ या शिक्षणात काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थेने २००५ मध्ये ‘असर’ची, म्हणजे खेड्यांतली मुले किती वाचू शकतात आणि किती गणित करू शकतात हे घरोघरी जाऊन पाहणारी, पाहणी सुरू केली आणि ती जिल्ह्याजिल्ह्यांत स्थानिक संस्थांचे कार्यकर्ते करू लागले, अशा संस्थांची पत्रके आमच्याकडे येऊ लागली.

त्यांतल्या एका संस्थेच्या ताई आजही दुसरीकडे जात नाहीत. पहिल्या पत्रकाचे प्रूफ खिडकीपाशी नेऊन त्यांनी ‘मुलांची परीक्षा’ हे शब्द खोडले आणि ‘घरी येऊन मुलांना थोडे वाचायला सांगू, पास-नापास कोणी नाही’ असे लिहून दिले. परीक्षा म्हटले की मुले घरात लपतात आणि शाळा आदल्या दिवशी घोकंपट्टी करून घेते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. अक्षर, शब्द, पहिलीचा उतारा, दुसरीची गोष्ट या पायऱ्यांचा तक्ता माझ्या चुलतभावाने, म्हणजे आमच्या पहिल्या भागीदाराने, श्रीलिपी या संगणकावरच्या मराठी अक्षरजुळणीच्या प्रणालीत इतका ठसठशीत जुळवला की मिनी ऑफसेट या छोट्या छपाईयंत्रावर एकही अनुस्वार बुजला नाही.

पुढे जिल्ह्यातल्याच एका संस्थेने गावांचे क्रमांक लावलेला तक्ता मागितला. ‘असर’मध्ये जिल्ह्यातली ३० गावे आणि प्रत्येक गावातली २० घरे निवडतात, ती ६०० घरे मिळून जिल्ह्याचे चित्र सांगतात, पण २० घरांतल्या मोजक्या मुलांवरून गावाला पहिला किंवा शेवटचा ठरवता येत नाही. क्रमांक सोडून बाकी सारे छापू, असे आम्ही स्पष्ट सांगितले. संस्थेने आम्ही केलेली मांडणी उचलली, तिचा एक पैसाही दिला नाही, आणि काम मोठ्या शहरातल्या छापखान्याला दिले. त्याने आर्ट पेपरवर चार रंगांत, आमच्यापेक्षा कमी दरात ते छापले आणि पाठोपाठ आमची इतर गिऱ्हाइकेही नेली. मशीनचे हप्ते थकले, कटिंग मशीन विकावे लागले, भाऊ नोकरीला लागला. शेवटचा क्रमांक लागलेल्या गावात पालकांनी गुरुजींना धारेवर धरले आणि नंतर त्या गावाने सर्वेक्षकांना दारात उभे केले नाही. याचा दोष कोणी त्या तक्त्याला दिल्याचे माझ्या कानावर आले नाही.

ताईंनीच आम्हाला तारले. त्यांनी एका गावातल्या प्रत्येक घरातले प्रत्येक मूल तपासून घेतले आणि टक्केवारीऐवजी मुलांची थेट संख्या दाखवणारा तक्ता आमच्याकडून छापून घेतला. ग्रामसभेत वाचनाचा कागदही सोबत नेला, म्हणजे आईबापांना आपले मूल स्वतः पडताळता यावे.

सर्वेक्षण करणाऱ्या संस्थांना माझे सांगणे आहे की जिथे टक्केवारी छापाल तिथे शेजारी तपासलेल्या मुलांची संख्या छापाच. तक्त्याची एक प्रत शाळा व्यवस्थापन समितीला द्या, कारण शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळेचा विकास आराखडा तीच करते. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत तो लावायचा असेल, तर मजकूर डिसेंबरातच छपाईला द्या. ऐनवेळच्या घाईत कोणताही छापखाना प्रूफ दोनदा तपासत नाही.