स्वागताचा मेल लिहून झाला, पण पोचेना: माझा अनुभव

कोचिंग करणाऱ्या मैत्रिणी विचारतात, "नवीन नाव नोंदवणाऱ्यांना तू पहिला मेल काय पाठवतेस? नमुना दे ना." नमुना खाली आहेच. पण तो मजकूर लिहायला जेवढे कष्ट पडले, त्याच्या कितीतरी पट कष्ट तो लोकांच्या इनबॉक्समध्ये पोचवायला पडले. आणि तेही माझी वेबसाइट जिच्या सर्व्हरवर आहे त्या होस्टिंग कंपनीच्या एकाच ठरावीक वाक्यामुळे: "मॅडम, ४८ तास थांबा." त्या वाक्याची चीड अजून मनात आहे, म्हणून आधी तेच सांगते.

माझं काम वेलनेस कोचिंगचं. नाशिकमध्ये योगवर्गापासून सुरुवात झाली, आता बहुतेक सगळं ऑनलाइन चालतं. चाळिशी-पंचेचाळिशीतल्या बायका झोप, खाणं, थकवा, पाळी जाण्याच्या सुमाराचे त्रास अशा गोष्टींसाठी येतात. वेबसाइटवर नाव आणि मेलचा पत्ता दिला की दर गुरुवारी माझं एक पत्र जातं. ही नावं बहुतेक रात्री साडेदहा-अकरानंतर येतात. ओटा पुसून झालेला असतो, मुलं झोपलेली असतात, आणि दिवसभरात पहिल्यांदा ती बाई स्वतःसाठी काहीतरी मागत असते. तिला त्याच मिनिटाला उत्तर मिळायला हवं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. म्हणून मेल पाठवणारी एक सेवा घेतली, मजकूर लिहिला, नाव नोंदवल्याबरोबर मेल आपोआप सुटेल अशी मांडणी केली. हे सगळं सुरळीत झालं.

मग एकीचा व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आला. "ताई, मी नाव नोंदवलं होतं, पण काहीच आलं नाही. बॅच भरली असेल तर राहू दे." वाचून मला फार वाईट वाटलं. मेल गेला होता, सेवेच्या नोंदीत 'पोचला' असंही दिसत होतं. (ही नोंद स्पॅममध्ये पडलेल्या मेललाही 'पोचला'च म्हणते, हे लक्षात ठेवा.) तो तिच्या स्पॅममध्ये होता. आणि तिने समजून घेतलं होतं की आपल्याला जागा नाही. अशा आणखी किती जणी काही न विचारता गप्प बसल्या असतील, हा विचार डोक्यातून जाईना.

कारण सापडायला वेळ लागला नाही. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मेल पाठवणाऱ्यांसाठीचे नियम कडक केले. जीमेलवर दिवसाला पाच हजारांहून जास्त मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क ही तिन्ही लागतात. आपल्यासारख्या लहानांना पहिल्या दोनांपैकी किमान एक. माझं म्हणणं, यादीत पन्नास नावं असली तरी तिन्ही करून घ्या. एसपीएफ म्हणजे आपल्या डोमेनच्या (वेबसाइटच्या आणि मेलच्या पत्त्यातल्या नावाच्या) वतीने कोणकोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची यादी. डीकेआयएम म्हणजे प्रत्येक मेलवर होणारी सही. ती तपासण्याची किल्ली आपल्या डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे त्या नावाबद्दलच्या जाहीर नोंदवहीत, ठेवावी लागते. आणि तपासणीत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते डीमार्क सांगतं. बाहेरच्या सेवेमार्फत मेल पाठवला की एसपीएफ बऱ्याचदा त्या सेवेच्या स्वतःच्या डोमेनवर पास होतं, आपल्या नव्हे. त्यामुळे आपली ओळख पटवण्याचं खरं काम डीकेआयएमकडे येतं. माझं अडलं ते नेमकं तिथेच.

सेवेने मला एक लांबलचक किल्ली दिली. ती होस्टिंगच्या पॅनेलमध्ये (सेटिंग्जच्या पानावर) टीएक्सटी नोंद, म्हणजे डीएनएसमधली साध्या मजकुराची नोंद, म्हणून चिकटवायची होती. चिकटवली, सेव्ह केली, हिरवी पट्टी आली: नोंद यशस्वी. सेवेच्या बाजूला मात्र लाल अक्षरं: किल्ली चुकीची. होस्टिंग कंपनीच्या सपोर्टला चॅटवर विचारलं. उत्तर आलं, "डीएनएस पसरायला ४८ तास लागतात मॅडम, थांबा." थांबले. लाल ते लालच. पुन्हा विचारलं तर चॅटवर दुसराच माणूस, त्याला पहिल्यापासून सगळं सांगा, आणि शेवटी तेच वाक्य. पुढच्याने नोंद काढून परत टाकायला लावली आणि म्हणाला, "आता इथून पुढे ४८ तास धरा." मी तक्रार नोंदवली, तर मी काही लिहायच्या आत ती 'निराकरण झाले' म्हणून बंद करून टाकली. परत उघडली. परत तेच. फोनवर बोलायचं म्हटलं तर तांत्रिक विभाग फोन घेत नाही, चॅटवरच या.

या काळात नावं येणं काही थांबलं नव्हतं. रोज सकाळी उठून मी आदल्या रात्रीच्या प्रत्येकीला माझ्या खाजगी जीमेलवरून हाताने लिहीत होते. आपल्याला कुणी विचारलं नाही असं आणखी कुणालाही वाटू द्यायचं नाही, एवढंच मी ठरवलं होतं.

शेवटी मी हे ४८ तास येतात कुठून तेच शोधायला बसले. ते येतात नेमसर्व्हरच्या, म्हणजे आपल्या डीएनएसच्या नोंदी ज्या सर्व्हरवर असतात त्याच्या, बदलातून. डॉट कॉम डोमेनचे नेमसर्व्हर कोणते, ही माहिती जगभरचे सर्व्हर १,७२,८०० सेकंद, म्हणजे बरोबर ४८ तास, साठवून ठेवू शकतात. नेमसर्व्हर बदलले तर तेवढं थांबणं योग्य आहे. पण मी नेमसर्व्हर बदललेच नव्हते, एक टीएक्सटी नोंद घातली होती. तिच्यापुढे पॅनेलमध्येच ३६०० सेकंद लिहिलेलं होतं, म्हणजे एक तास. एका तासाच्या गोष्टीसाठी मला पुन्हा पुन्हा दोन-दोन दिवस थांबवलं होतं.

आणि थांबायची गरजही नसते. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये एनएसलुकअप नावाची आज्ञा असते. तिला आपल्या नेमसर्व्हरचं नाव देऊन थेट त्यालाच विचारता येतं, की तुझ्याकडे ही नोंद आत्ता काय आहे? मी विचारलं. उत्तर तत्काळ आलं. ते नोटपॅडमध्ये मूळ किल्लीच्या खाली ठेवलं, आणि दिसलं की खालची किल्ली मध्येच तुटली आहे. टीएक्सटी नोंदीतल्या एका तुकड्यात २५५ अक्षरंच मावतात. २०४८ बिटांची किल्ली चारशे अक्षरांच्या घरात जाते, म्हणून ती तुकडे करून साठवावी लागते, आणि चांगलं पॅनेल हे काम आपोआप करतं. या पॅनेलने तुकडे केले नाहीत. २५५ अक्षरांवरचं सगळं न सांगता टाकून दिलं, आणि वर हिरवी पट्टी दाखवली.

स्क्रीनशॉट काढून पाठवला. त्यावर आलेलं उत्तर मी जपून ठेवलं आहे: "होय मॅडम, आमच्या पॅनेलला लांबीची मर्यादा आहे." म्हणजे त्यांना ठाऊक होतं! पहिल्या चॅटमध्ये एवढं एक वाक्य आलं असतं तर त्याच संध्याकाळी काम झालं असतं. समोरच्याने नेमका काय त्रास सांगितला तो नीट ऐकायचा, मग उत्तर द्यायचं, हे माझ्या कामात मी रोज करते. त्यामुळे न ऐकता दिलेलं पाठ उत्तर मला जास्तच लागलं.

यातून सुटायचे दोन रस्ते होते. सेवेकडून १०२४ बिटांची लहान किल्ली मागून घ्यायची, ती २५५ अक्षरांत मावते पण सुरक्षेला कमी पडते. किंवा डीएनएसच दुसरीकडे हलवायचं. मी हलवलं, क्लाउडफ्लेअरच्या मोफत डीएनएसवर. वेबसाइट जुन्याच कंपनीकडे राहिली, फक्त नोंदी इकडे आल्या. हलवण्याआधी जुन्या पॅनेलमधली प्रत्येक नोंद उतरवून घ्या, विशेषतः एमएक्स (येणारे मेल कुठे द्यायचे ते सांगणारी नोंद), नाहीतर येणारे मेल बंद पडतील. या कामाला मात्र ते ४८ तास खरोखर लागू शकतात. माझं त्याच रात्री झालं. स्वतःलाच एक मेल पाठवला, जीमेलमध्ये तीन टिंबांच्या मेन्यूतून 'शो ओरिजिनल' उघडलं. एसपीएफ पास, डीकेआयएम पास, डीमार्क पास. मी ओरडलेच, घरातले बघायला आले.

हलवताना आणखी एक गोष्ट हाती लागली. डोमेनवर एसपीएफच्या दोन नोंदी होत्या, एक होस्टिंग कंपनीने सुरुवातीलाच घातलेली आणि दुसरी मेलसेवेच्या सूचनेप्रमाणे आलेली. एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद चालते. दोन असल्या तर तपासणी चुकीची धरून सोडून दिली जाते. दोन्हींतला मजकूर एकाच नोंदीत एकत्र करा.

आता मजकूर. माझा पहिला मेल साधारण असा आहे:

"नमस्कार, तुम्ही नाव नोंदवलंत, ते माझ्यापर्यंत पोचलं. दर गुरुवारी सकाळी माझं एक पत्र येईल, वाचायला पाच मिनिटं लागतील. उद्यापासून एवढंच करून बघा: रात्रीचं जेवण झालं की दहा मिनिटं शतपावली, आणि फोन घरातच ठेवायचा. तुम्हाला एक विचारायचं आहे. सध्या सगळ्यात जास्त काय त्रास देतंय: झोप, खाणं की थकवा? याच मेलला एका ओळीत उत्तर द्या, ते मी स्वतः वाचते. रक्तदाब, साखर, थायरॉईड यांची औषधं चालू असतील तर ती तशीच चालू ठेवा. त्यात बदल फक्त तुमच्या डॉक्टरांनी सांगायचा."

एवढंच. फी नाही, बॅचच्या तारखा नाहीत, माझी प्रमाणपत्रं नाहीत. पहिल्याच मेलमध्ये 'फक्त आजच सवलत' लिहिणाऱ्यांचं मला पटत नाही. रात्री अकराला थकून आलेल्या बाईला घाई करायची नसते. माझं काम कसं चालतं ते दोन दिवसांनी दुसऱ्या मेलमध्ये येतं, आणि फी व तारखा तिसऱ्यात. प्रश्न मात्र पहिल्यातच हवा. उत्तर आलं की जीमेलला कळतं हा ओळखीचा पत्ता आहे, आणि मला कळतं समोर कोण आहे. उत्तरं वाचायला मी सकाळचा अर्धा तास राखून ठेवते. उत्तर देता येणार नाही अशा पत्त्यावरून कोचने मेल पाठवणं मला अजिबात मान्य नाही.

नाव घालून संबोधण्याबद्दल. सेवा 'नमस्कार' पुढे नाव आपोआप घालते, पण लोक फॉर्ममध्ये नाव रोमन लिपीत भरतात, कुणी फक्त आडनाव, कुणी सगळं लहान अक्षरात. मराठी वाक्यात ते खडा लागल्यासारखं लागतं. म्हणून मी नाव घालतच नाही. 'ताई'ही लिहीत नाही, कारण यादीत पुरुषही आहेत. 'तुम्ही नोंदवलंत', 'तुम्हाला वाटत असेल' अशी वाक्यं दोघांनाही चालतात; 'आली असाल', 'थकला असाल' अशी टाळते.

आजारांचा उल्लेख फार जपून करा. औषधे आणि जादूचे उपचार यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदा १९५४ पासून आहे, आणि त्याच्या यादीत मधुमेह, रक्तदाब आणि लठ्ठपणासुद्धा आहे. 'साखर मुळापासून बरी' असं लिहिणं मला कायद्याच्या आधीच चुकीचं वाटतं. असं वाचून कुणी गोळ्या बंद केल्या तर?

मराठी मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. आमच्या डिझायनरने माहितीपत्रक श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये केलं होतं, त्यातून उचललेला मजकूर मेलमध्ये निव्वळ चिन्हांचा ढीग होऊन येतो. त्यावर उपाय म्हणून सगळं पत्र एका चित्रात घालून पाठवू नका. कित्येक ठिकाणी चित्रं आपोआप उघडत नाहीत, मग समोर कोरा चौकोन राहतो. मेल हलका ठेवा. जीमेल १०२ केबीच्या पुढचा भाग कापून 'पूर्ण संदेश पाहा' असा दुवा ठेवतं, आणि देवनागरी अक्षराला रोमनच्या तिप्पट जागा लागते. कापलेल्या भागात नेमकी खालची 'नाव काढा' ओळ जाते, आणि ती न सापडलेली व्यक्ती चिडून मेल स्पॅम म्हणून नोंदवते. गूगलच्या म्हणण्याप्रमाणे अशा तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खालीच राहायला हव्यात. यादी लहान असेल तर तीन-चार चिडलेल्या लोकांत ती मर्यादा ओलांडली जाते. नाव काढायची ओळ मी मोठ्या अक्षरात ठेवते. ज्याला जायचं त्याला सुखाने जाऊ द्यावं.

अमेरिकेतल्या मराठी बायकाही यादीत आहेत. पहिला मेल लगेच सुटतो म्हणून अडत नाही, पण आपली सकाळ म्हणजे त्यांची आदली संध्याकाळ. त्यांना गुरुवारचं पत्र बुधवारीच मिळतं, म्हणून त्यात 'आज सकाळी' असं काही लिहू नका.

डीमार्क सुरुवातीला 'नन' धोरणावर ठेवा, म्हणजे काही चुकलं तरी मेल अडवला जाणार नाही. काही आठवडे सगळं पास होताना दिसलं की 'क्वारंटाइन'वर न्या, म्हणजे नापास मेल स्पॅममध्ये जाईल.

किल्लीबद्दल दोन गोष्टी राहिल्या. सेवा सीनेमची (किल्ली सेवेकडेच ठेवून तिकडे बोट दाखवणाऱ्या नोंदीची) सोय देत असेल तर तीच घ्या, मग लांब किल्ली चिकटवायचा प्रश्नच येत नाही. आणि टीएक्सटीच घालायची असेल तर नोंदीच्या नावाच्या रकान्यात पूर्ण डोमेन लिहू नका. बरीच पॅनेलं ते स्वतः जोडतात, मग डोमेन दोनदा लागतं आणि नोंद सापडत नाही. सेव्ह केल्यावर एनएसलुकअपने विचारून किल्लीचं शेपूट बघा. ते सहसा आय, डी, ए, क्यू, ए, बी या अक्षरांनी संपतं. ती अक्षरं दिसली नाहीत तर कुणी कितीही तास सांगोत, थांबू नका.