हॉस्पिटलातली आयटी आणि माझी पहिली मुलाखत

सोमवारी कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका हॉस्पिटलात आयटी सपोर्टची मुलाखत आहे. प्रिंटर, लॅन, विंडोज हे जमतं. अडतंय दवाखान्याच्या कारभारात. म्हणून लॅबमध्ये काम करणाऱ्या वहिनीला गाठलं. ती म्हणाली, "भावजी, केसपेपर निघाल्यापासून डिस्चार्जपर्यंत पेशंटचा नंबर कुठं कुठं फिरतो ते आधी बघा." खरी गोम तिथंच आहे. एक्स-रे, सीटी डायकॉम या वैद्यकीय चित्रांच्या ठरलेल्या स्वरूपात पॅक्सवर, म्हणजे ही चित्रं ठेवायच्या सिस्टिमवर साठतात, लॅबचे रिपोर्ट एचएल-सेव्हनमधून, म्हणजे दवाखान्यातल्या सॉफ्टवेअरनी एकमेकांना माहिती पाठवायच्या ठरलेल्या पद्धतीतून पुढं सरकतात. नंबर चुकला की एकाचा रिपोर्ट दुसऱ्याच्या फाईलला. वर १४ अंकी आभा क्रमांक, म्हणजे पेशंटचा सरकारी डिजिटल आरोग्य-ओळख नंबर, आहेच. सर्व्हर बसला तर? आधी आयसीयू आणि कॅज्युअल्टी, मग बिलिंग, साहेब कितीही ओरडोत. पासवर्ड मॉनिटरला चिकटवणाऱ्या डॉक्टरांना काय सांगायचं, ते मात्र अजून सुचलेलं नाही. शर्ट इस्त्रीला दिलाय. टाय घालणार नाही.