तुम्ही विचारलंत म्हणून: कंटाळलेल्या मुलांचं काय करता?

घरात दोन मुलं आणि टीव्ही बंद, मग त्यांना खेळायला देता तरी काय, असं लोक मला हमखास विचारतात. फारसं काही देत नाही म्हटलं की त्यांचा चेहरा पडतो.

पूर्वी द्यायचे. "कंटाळा आलाऽऽ" ऐकलं की रंग काढ, कागद काप, कोडी शोध. पाच मिनिटांत सगळा पसारा आणि वर पुन्हा, "आता काय करू?" करमणुकीचं कंत्राट आईकडे आहे, हे पोरांनी बरोबर ओळखलं होतं.

मग एकदा फ्रिजचा रिकामा खोका घरात उरला. मुलगी त्यात शिरली आणि पाणबुडी निघाली. मला कुठलं राहवतंय! गोल खिडक्या कापल्या, चंदेरी कागद लावला, मागे पंखाही चिकटवला. पाणबुडी झकास दिसू लागली आणि खेळ तिथेच आटपला. नुसता खोका संध्याकाळपर्यंत गुहा झाला असता, दवाखाना झाला असता. माझ्या पाणबुडीत ती सोय राहिली नव्हती.

अमेरिकेतल्या नॅशनल टॉय हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे नावाजलेल्या खेळण्यांच्या मानाच्या दालनात, २००५ साली पुठ्ठ्याच्या खोक्याला जागा मिळाली आणि २००८ साली चक्क काठीला. काठीचा घोडा कसा होतो, यावर रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगोत्स्की यांनी १९३३ मधल्या एका व्याख्यानातच बारकाईने सांगितलंय. त्यातली एक गोष्ट मला फार आवडते: पोस्टकार्डाचा घोडा होत नाही. टांग टाकून पळता आलं पाहिजे ना! म्हणून मी वस्तू निवडताना एवढंच बघते, की हिच्यात शिरता येतं का, ही ओढता येते का, पांघरता येते का. चादर, दोरी, उशा, डब्यांची झाकणं.

आधी भूक किंवा झोप तर नाही ना, हे पाहायचं. कधी कधी पोराला नुसतं जवळ बसायचं असतं, तेव्हा बसायचं. खरंच कंटाळा असेल तर एक अर्धं वाक्य सोडायचं, "वादळ येतंय, आणि या चादरीखाली…" आणि तिथून निघून जायचं. हे निघून जाणंच मला सगळ्यात जड जातं. कारण पुढची वीस-पंचवीस मिनिटं नुसती कुरकुर असते.

धाकट्याला सोंगं आवडत नाहीत. तो बटणं रंगांप्रमाणे लावत बसतो. त्या बटणांमध्ये भांडणं असतात, हे मला फार उशिरा कळलं.

काल बैठकीच्या खोलीतून जायला मला मनाई होती, तिथे समुद्र होता. धुतलेले कपडे घेऊन मी भिंतीच्या कडेकडेने गेले.