तास शाळेचा, आक्षेप आमचा

मुलीच्या शाळेच्या ॲपवर परवानगीचा एक फॉर्म आला आणि आमच्या मराठी पालकांच्या ग्रुपवर महाभारत पेटलं. एरवी इथे चकलीची भाजणी आणि सिलेक्टिव्ह (प्रवेश परीक्षेच्या सरकारी) शाळांचे क्लास यांपलीकडे विषय जात नाही. ऑगस्टच्या शेवटच्या शुक्रवारी सिडनीतल्या बऱ्याच शाळांत ‘वेअर इट पर्पल’ दिवस असतो. जांभळं काहीतरी घालून जायचं, समलिंगी आणि ट्रान्स मुलांना शाळेत एकटं वाटू नये म्हणून. २०१० साली इथल्याच तरुण मुलांनी तो सुरू केला. यंदा त्या दिवशी आठवीला आई-बाबांऐवजी दोन आया असलेल्या घरातल्या मुलावरची एक छोटी फिल्म दाखवणार. नको असेल तर ‘नाही’वर टिक करा, मूल लायब्ररीत बसेल.

एवढंच होतं. पण ग्रुपवर ‘आज हे, उद्या काय?’ सुरू झालं. एका गृहस्थांनी लिहिलं, “शाळेने गणित-विज्ञान शिकवावं. घरचं घरी. शाळेच्या वेळात हे कशाला?”

हे शेवटचं वाक्य सिडनीला नवीन नाही. २०१५ मध्ये बरवूड गर्ल्स हायस्कूलमध्ये ‘गेबी बेबी’ हा समलिंगी आईबापांच्या मुलांवरचा माहितीपट दाखवायचं ठरलं होतं. दिग्दर्शिका माया न्यूवेल त्याच शाळेची माजी विद्यार्थिनी, स्वतः दोन आयांच्या घरात वाढलेली. एका वर्तमानपत्राने पहिल्या पानावर गदारोळ केला आणि राज्याचे शिक्षणमंत्री एड्रियन पिकोली यांनी शाळेच्या वेळात तो दाखवायला मनाई केली. मुख्यमंत्री माइक बेअर्ड म्हणाले, सहिष्णुतेच्या उद्देशाला पाठिंबा आहे, पण वर्गाच्या वेळात नको. मी तो माहितीपट नंतर पाहिला. चार मुलं आहेत. एकाला कुस्तीचं वेड, एकाला वाचायला जमत नाही, एकीला गाण्याच्या शाळेत जायचंय, एक चर्चबद्दल प्रश्न विचारतो. बघून इतकंच कळलं की त्या घरांतही मुलांवरून आईबापांची तीच चिडचिड होते.

आता ‘शाळेच्या वेळात’ या मुद्द्याबद्दल. न्यू साउथ वेल्सच्या, म्हणजे सिडनीच्या राज्यातल्या, सरकारी शाळांत दर आठवड्याला स्क्रिप्चरचा, म्हणजे आपापल्या धर्माच्या शिकवणीचा, तास असतो. ख्रिश्चन, मुस्लिम, ज्यू, बौद्ध आणि हो, हिंदूसुद्धा. आपलेच स्वयंसेवक जातात, श्लोक शिकवतात, गणपतीची गोष्ट सांगतात. सगळं शाळेच्या वेळात, सरकारी इमारतीत. त्या वेळात स्क्रिप्चरला न बसणाऱ्या मुलांना नवीन धडा शिकवायचा नाही असा नियम आहे, म्हणजे आपल्या पोरांनी श्लोक म्हणावेत म्हणून बाकीच्यांचं गणितही थांबतं. ‘घरचं घरी’ म्हणणाऱ्या या गृहस्थांचा धाकटा याच तासाला जातो. त्याचे हात जोडलेले फोटो आम्ही सगळ्यांनी कौतुकाने पाहिलेत, मीही हृदय टाकलंय. दिवाळीला प्रायमरीच्या हॉलमध्ये आम्ही रांगोळ्या काढतो तेव्हा कुठल्याच गोऱ्या पालकाने ‘शाळेच्या वेळात हे कशाला’ असं लिहिल्याचं मला आठवत नाही.

हा हिशोब मी ग्रुपवर मांडला. उत्तर आलं, “ती संस्कृती आहे. हे वेगळं.” खाली दोन अंगठे आणि एक नमस्कार.

पण थांबा, यावरून आम्हाला मागासलेले ठरवू नका. ते काम करायला इथे इतर आहेत. शाळेच्या गेटवर एक आई, बिचारी मनाने चांगली, मान तिरकी करून म्हणाली, तुमच्या समाजात हे फार अवघड जात असेल ना? ग्रुपवर जितका आला नव्हता तितका राग मला तिथे आला. २०१७ मध्ये समलिंगी विवाहावर टपालाने कौल घेतला, तेव्हा देशात ६१.६ टक्के लोक ‘हो’ म्हणाले आणि आपली एवढी वस्ती असलेल्या सिडनीतल्या पॅरामॅटा मतदारसंघात नेमके ६१.६ टक्के ‘नाही’. तेव्हापासून बोट आमच्याकडे. पण ‘नाही’च्या प्रचाराला सिडनीच्या अँग्लिकन चर्चने दहा लाख डॉलर दिले, ते काय आमच्या दिंडीने गोळा केले होते?

आणि बाई, तुला र. धों. कर्वे ठाऊक नाहीत. ‘समाजस्वास्थ्य’मध्ये वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरं दिली म्हणून १९३४ साली त्यांच्यावर मुंबईत खटला चालला, आणि त्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. आंबेडकर. खटला हरले, दंड झाला, मासिक चालूच राहिलं. त्याच महाराष्ट्राने २००७ मध्ये शाळांतलं लैंगिक शिक्षण थांबवलं, हे मात्र मी मनातल्या मनातही तिला सांगितलं नाही.

रात्री ग्रुपमधल्या एकाचा फोन. “ताई, फिल्मला हरकत नाही हो. पण घरी येऊन पोरीने काही विचारलं तर मी काय सांगू?” आमच्या दोघांच्याही शाळेत प्रजननाचा धडा सरांनी ‘घरी वाचा’ म्हणून ओलांडलेला. सगळ्या चर्चेत पटण्यासारखं मला एवढंच वाटलं. संस्कृती वगैरे नंतर. आधी आम्हाला बोलता येत नाही.

फॉर्म पाठवतात याचं मला कौतुकच आहे. आमच्या वेळी शाळेने रांगेत टॉकीजला नेलं की सिनेमा कुठला हे घरी आल्यावर कळायचं. पण फॉर्मवर फिल्मबद्दल जेमतेम दोन ओळी आणि सही मागायची, हे मला मान्य नाही. प्रश्न विचारला की लगेच आपण असहिष्णू, हे तर त्याहून नाही. मी ‘हो’वर टिक केली आणि शाळेला कळवलं, आधी पालकांना दाखवा. मंगळवारी संध्याकाळी लायब्ररीत दाखवणार आहेत. ग्रुपवर टाकलंय. स्क्रिप्चरवाले गृहस्थ येतायत. म्हणाले, “बघून विरोध करतो.”

करा की. बघून करा.