धातू पाठ करणाऱ्या वर्गातून

स्मरणिकेसाठी ‘शाळेने मला काय दिलं’ यावर लिहा, असं संपादक मंडळाने कळवलं. संस्कार, शिस्त वगैरेंवर इतर मंडळी माझ्यापेक्षा बरं लिहितील. मी धातूंवर, म्हणजे क्रियापदांच्या मूळ रूपांवर लिहितो.

संध्याकाळी दादरला मी जर्मनच्या बॅचेस घेतो. तिकडे नोकरीला निघालेल्या नर्सेस, एम.एस.ला जाणारे इंजिनीअर, अकरावीला ‘स्कोअरिंग’ म्हणून जर्मन घेतलेली मुलं असा सगळा मेळा असतो. मी जर्मन काळा घोड्याच्या मॅक्समुल्लर भवनात शिकलो हे खरंच आहे. पण क्रियापद पाठ कसं करायचं, हे त्याआधीच आठवीच्या संस्कृतच्या तासाला शिकून झालं होतं. ज्या जर्मन संस्कृतपंडित मॅक्समुल्लरचं नाव त्या इमारतीला आहे, त्यानेही सायणाचार्यांच्या भाष्यासह ऋग्वेद छापण्यात 1849 ते 1874 एवढी वर्षं घातली. म्हणजे मी फार काही वाट सोडून गेलो नाही.

आमच्या संस्कृतच्या बाई नुसता धातू कधीच म्हणू द्यायच्या नाहीत. ‘गम्’ म्हटलं की लगेच ‘पहिला गण, परस्मैपद, गच्छति’. ‘स्था’ म्हटलं की ‘तिष्ठति’. दृश्‌चं पश्यति का होतं, असं विचारणाऱ्याला ‘आधी पाठ कर, मग भांड’ हे ठरलेलं उत्तर. जर्मन क्रियापदाला हीच शिस्त लागते. मूळ रूप, भूतकाळ आणि भूतकृदन्त (‘केलेलं’, ‘गेलेलं’सारखं रूप), तिन्ही एका श्वासात. माखेन, माख्टे, गेमाख्ट (करणे) हे सरळ चालीचं. झिंगेन, झांग, गेझुंगेन (गाणे) यात आतला स्वरच बदलतो. पहिल्याला दुर्बळ आणि दुसऱ्याला सबळ म्हणतात. ही नावं याकोब ग्रिमची. परीकथांच्या दोघा भावांपैकी थोरला तो, आणि त्याचं जर्मन व्याकरण 1819 पासून छापून येऊ लागलं. तिसरा प्रकार मिश्र. डेंकेन, डाख्टे, गेडाख्ट (विचार करणे) यात स्वर सबळासारखा बदलतो आणि शेपूट दुर्बळाचं लागतं. सबळ आणि अनियमित मिळून दीड-दोनशे धातू. त्यांना पाठांतराशिवाय इलाज नाही. हल्ली पाठांतराला नाकं मुरडतात, पण ही यादी ‘समजून’ घेणारा विद्यार्थी मला अजून भेटायचा आहे.

खरी गंमत उपसर्गांत आहे. ‘उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते’ (उपसर्ग धातूचा अर्थ बळाने दुसरीकडे नेतो) हा श्लोक आपल्या पिढीला तोंडपाठ. प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार! आता श्टेएन हा धातू घ्या. अर्थ उभं राहणे, आणि तो आपल्या ‘स्था’चाच सख्खा भाऊबंद. आउफश्टेएन म्हणजे उठणे, म्हणजे सरळ आपलं उत्थान. फेरश्टेएन म्हणजे समजणे, बेश्टेएन म्हणजे परीक्षा पास होणे, एंटश्टेएन म्हणजे निर्माण होणे. यातले फेर, बे, एंट हे धातूला चिकटून राहतात आणि भूतकृदन्तात एरवी पुढे लागणाऱ्या ‘गे’लाही आत घेत नाहीत. आउफ मात्र सुटतो आणि वाक्याच्या टोकाला जाऊन बसतो. ‘देअर त्सूग फेर्ट उम आख्ट इन दादर आप’, गाडी आठला दादरहून सुटते. धातू आपफारेन, त्यातला ‘आप’ थेट शेवटी.

इथे नवे विद्यार्थी हबकतात. मी त्यांना पाणिनी सांगतो. उपसर्ग धातूच्या आधी येतात, पण वेदांत ते नंतरही येतात आणि मध्ये दुसरे शब्द घालून लांबही राहतात. ‘व्यवहिताश्च’ असं सूत्रच आहे. इंजिनीअर मुलांना हे फार आवडतं. नर्सेसना वेळ नसतो, त्या म्हणतात, सर, परीक्षेत काय येईल ते सांगा. मग सांगतो की जोर कुठे पडतो ते ऐका. उमफारेन यात ‘उम’वर जोर दिला तर तो सुटणारा, आणि अर्थ धडक देऊन पाडणे. ‘फा’वर जोर दिला तर तो चिकटलेला, आणि अर्थ वळसा घालून जाणे. जर्मनीत गाडी चालवणार असाल तर एवढं पक्कं करा.

मोडल क्रियापदांवर फार वेळ घालवत नाही. क्योनेन (शकणे), म्युसेन (लागणे) वगैरे सहा आहेत. त्यांच्यासोबत मुख्य धातू वाक्याच्या शेवटी जातो. ‘इख मुस हॉइट डॉइच लेर्नेन’, मला आज जर्मन शिकायलाच हवं. क्रियापद शेवटी ठेवायची सवय मराठी माणसाला जन्मापासून असते, त्यामुळे इंग्रजी माध्यमाची मुलं अडतात तिथे आपली सहज निघतात. स्वतःकडे वळणाऱ्या ‘झिख’वाल्या क्रियापदांपाशी मात्र मी संस्कृतातलं आत्मनेपद (‘स्वतःसाठी’ची क्रियापदरूपं) फळ्यावर लिहितो आणि लगेच पुसतो, कारण साम्य थोडंच पुढे टिकतं.

परवा एका मुलीने विचारलं, नवीन शब्द आला तर तो सबळ की दुर्बळ? दुर्बळच. ‘गूगल करणे’ जर्मनमध्ये गूगेल्न, गूगेल्टे, गेगूगेल्ट असंच चालतं. जुने सबळ धातूही हळूहळू तिकडे सरकताहेत. बाकेन म्हणजे भाजणे, त्याचं भूतकाळाचं ‘बूक’ आता जुन्या पुस्तकांतच सापडतं, लोक ‘बाक्टे’ म्हणतात. ती म्हणाली, मग थोडी वर्षं थांबले तर यादी आपोआप छोटी होईल. तिला सोमवारपर्यंत पहिले वीस पाठ करून यायला सांगितलंय.